हॉटेलात राहणारा दगड

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे आणि मी हॉटेलात राहतो. पाहुणा म्हणून नव्हे, कायमचा. चौदा खोल्यांचं छोटंसं हॉटेल आहे. दारातून आत आलात की समोर मीच दिसेन. उंची तुमच्या वडिलांपेक्षा हातभर जास्त, रुंदी म्हणाल तर दोन मोटारी शेजारी शेजारी उभ्या राहतील एवढी. पाठ मागच्या डोंगरात गेलेली. शोभेसाठी मला कुठून तरी उचलून आणलं असेल, असं पाहुण्यांना वाटतं. मला उचलणारा अजून जन्माला यायचाय.

माझ्या जन्माचं मला फारसं काही आठवत नाही. फार उकडत होतं, एवढंच आठवतं. मग गार झालो आणि पुढची लाखो वर्षं काही म्हणजे काही घडलं नाही. शेळ्या अंगावर चढायच्या. वाटसरू टेकायचे, बुटातले खडे झटकायचे आणि निघून जायचे. मी कधी कुठल्या कामाला लागलो नव्हतो, आणि त्याचं मला वाईटही वाटत नव्हतं. माणसं एकमेकांवर चिडली की "तुझ्या डोक्यात काय दगड भरलेत का?" असं विचारायची. ते कानावर आलं की मात्र वाटायचं, अरे, त्यात एवढं वाईट काय आहे?

मग एके दिवशी उतारावरून एक जाडजूड गृहस्थ आणि त्यांची बायको धापा टाकत वर आली. गृहस्थांनी तीस वर्षं मोठमोठ्या प्रवासी जहाजांवरचं स्वयंपाकघर सांभाळलं होतं. जहाज त्यांनी एकदाही चालवलं नव्हतं, पण रुबाब असा होता की सगळे त्यांना कप्तानच म्हणायचे. बायकोला सगळे वहिनी म्हणायचे, वयाने मोठी असलेली माणसंसुद्धा. निवृत्त झाल्यावर दोघांनी मिळून एक छोटं, देखणं हॉटेल काढायचं ठरवलं होतं, आणि त्यासाठी ही जागा घेतली होती.

पाया खणायला सुरुवात झाली तेव्हा माझं फक्त डोकं जमिनीच्या वर होतं. खणता खणता खांदे दिसले, मग छाती दिसली, तरी मी संपेना. बांधकामाचा ठेकेदार वैतागला. त्याच्या खिशाला तीन पेनं असायची आणि एकही उठत नसे. त्याने दोन दिवस माझ्यावर छिद्र पाडायचं यंत्र चालवलं. माझा ताटाएवढा एक टवका उडाला आणि यंत्राची दोन टोकं मोडली.

"सुरुंग लावू," ठेकेदार म्हणाला. "सोमवारी माणूस बोलावतो."

मला धडकी भरली. एवढी वर्षं निवांत काढल्यावर सोमवार हा इतका जवळ असतो हे मला पहिल्यांदाच कळलं.

सोमवारच्या आधी शुक्रवार आला आणि शुक्रवारी ती आली. हॉटेलाची आतली सगळी रचना तिच्याकडे होती. खोल्या कशा दिसाव्यात, जमीन कसली असावी, पडदे कुठले, दिवे कुठे, सगळं तिने ठरवायचं होतं. इतकी वर्षं ती दुसऱ्यांच्या हाताखाली राबली होती. स्वतःच्या नावावर घेतलेलं हे तिचं पहिलंच काम. तिच्या गाडीच्या मागच्या सीटवर गवताच्या पेंढ्या, वेताच्या चटया, जाडंभरडं कापड आणि मातीने भरलेले डबे होते. ठेकेदाराने तिथल्या तिथे तिचं नाव गवतवाली ठेवून टाकलं. तिला ते कळलं, आणि बहुतेक आवडलंही, कारण पुढे फोनवर ती स्वतःच "मी गवतवाली बोलतेय" असं सांगायची.

तिने एक बादली पालथी घातली आणि माझ्यासमोर बसली. सकाळी नऊपासून दुपारी चारपर्यंत बसली. ऊन सरकलं की बादली सरकवायची आणि वहीत माझ्या अंगावरच्या सावल्या काढायची. चार वाजता उठली, कपडे झटकले आणि म्हणाली, "हा फोडायचा नाही."

ठेकेदार हसला. "मग काय, याला विचारून हॉटेल बांधायचं?"

"विचारून नाही, धरून. हा लॉबीत राहील. सगळी लॉबी याच्याभोवती बांधू."

कप्तानांना काही हे पटेना. "अहो मॅडम, लोक हॉटेलात चैन करायला येतात. संगमरवर हवा, झुंबर हवं, सोनेरी कठडे हवेत. डोंगर बघायला कोण आत येईल? तो तर बाहेर आहेच."

"चैन मी देणारच आहे. गाद्या अशा देईन की माणूस नाश्त्याला उठणार नाही. टॉवेल असे की बॅगेत कोंबून न्यावेसे वाटतील."

"मग हा धोंडा कशाला?"

गवतवालीने वहीतल्या सावल्या त्यांच्यापुढे धरल्या. तिला उत्तर माहीत होतं, पण ते शब्दांत सापडत नव्हतं. तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "अहो, तुम्ही जहाजावरून मला पत्रात काय लिहायचात?"

"काय लिहायचो?"

"लिहायचात की इथल्या भिंती आरशासारख्या, जमीन आरशासारखी, पण हात टेकावा असं काही नाही. जिकडे बघावं तिकडे मीच दिसतो, आणि मी काही बघण्यासारखा नाही. अजून आहे माझ्याकडे ते पत्र. आणू?"

ठेकेदाराने तोंड फिरवून खोकल्याचं नाटक केलं. कप्तान माझ्याजवळ आले. मग त्यांनी माझ्या अंगावर तळहात ठेवला. मऊ, जाड हात होता, आणि बराच वेळ तिथेच राहिला.

"ठीक आहे, राहू दे," ते म्हणाले. "पण झुंबर मी लावणारच."

"लावा की. पण मी सांगेन तसं."

मित्रांनो, पुढचे आठ महिने माझ्याभोवती जे काम चाललं, तसं काम मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि त्यानंतरही पाहिलं नाही. जमिनीसाठी तिने सहा प्रकारच्या फळ्या आणि फरशा ओळीने मांडल्या. कप्तान, वहिनी आणि ठेकेदार या तिघांनाही तिने चपला-बूट काढायला लावले आणि डोळे मिटून त्यांवरून चालायला सांगितलं. ठेकेदाराच्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता, म्हणून तो आधी तयारच होईना. पण शेवटी तिघेही एकाच लाकडावर येऊन थांबले. ते लाकूड बसलं. भिंतींना गवताचे बारीक तुकडे घातलेल्या मातीचा गिलावा दिला आणि तो गुळगुळीत गोट्यांनी घासून घासून असा केला की उजेड त्यात मुरावा. दाराच्या मुठी पितळेच्या, पलंगाच्या डोक्याशी विणलेला वेत, न्हाणीघरात पायाखाली नदीतले गोटे. कप्तानांचं झुंबरही लागलं. पितळी कड्या आणि त्यांना फुंकून केलेल्या काचेचे थेंब. कप्तान दिवसातून तीनदा त्याच्याखाली येऊन उभे राहायचे आणि वर बघत "हं" म्हणायचे.

माझ्या डोक्यावरच्या छपरात तिने काच बसवली, त्यामुळे सकाळी दहा वाजता ऊन बरोबर माझ्या कपाळावर येतं. स्वागताचा लाकडी ओटा माझ्या अंगाला टेकवायचा होता, मध्ये कागदाएवढीही फट नको होती. त्यासाठी सुतार पुठ्ठ्यावर माझा आकार उतरवून घ्यायचा, कापायचा, लावून बघायचा आणि पुन्हा कापायचा. अकरा पुठ्ठे वाया गेले. बाराव्याला ओटा असा बसला की जणू माझ्यातूनच उगवला.

मग आला पाथरवट. पुढच्या बाजूने मला बसण्यासारखी एक बैठक कोरायची होती. पाथरवट म्हातारा होता. जन्मभर छिन्नी-हातोडा चालवून त्याचे कान गेले होते. त्याने एक तळहात माझ्यावर ठेवला, दुसऱ्या हाताने हातोडीचे हलके टोले दिले आणि आतून काय उत्तर येतं ते हाताने समजून घेत राहिला. तीन दिवस त्याने कोरलं. दुखलं का म्हणाल तर थोडं दुखलं. पण आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला विचारात घेऊन मारत होतं.

जाताना त्याने गवतवालीला मोठ्या आवाजात विचारलं, "बाई, याला पावसात बघितलंत का?"

"बघू, बघू!" ती गडबडीत म्हणाली. तिच्या हातात तेव्हा पडद्यांचे चौदा नमुने होते. तो कोपरापासून हात जोडून निघून गेला.

आणि पाऊस आला. सुरुवातीचे तीन आठवडे मला काही झालं नाही. डोंगराचं पोट भरायला तेवढे दिवस लागतात. मग उद्घाटनाला नऊ दिवस उरले असताना, माझ्या मधोमध जी उभी भेग आहे, तिच्यातून पाणी पाझरायला लागलं. हे मी दरवर्षीच करत आलो आहे. पूर्वी ते गवतात जिरून जायचं. आता समोर तिची ती सुंदर लाकडी जमीन होती.

सकाळी कप्तान लॉबीत आले आणि त्यांचा आवाज चौदाही खोल्यांत गेला. "मॅडम! तुमचा दगड रडतोय!"

"दगडाला पाझर फुटला म्हणतात तो हाच," ठेकेदार म्हणाला. बोलून झाल्यावर गवतवालीचा चेहरा त्याने पाहिला आणि पुसायला फडकं शोधू लागला.

ती गुडघ्यांवर बसली आणि फळ्यांवरून हात फिरवू लागली. फळ्या फुगायला लागल्या होत्या. दीडशे माणसांना आमंत्रणं गेली होती. "चूक माझी आहे," ती हळू आवाजात म्हणाली. "मी याला फक्त उन्हात बघितलं. विचारणाऱ्याने विचारलं होतं, तेव्हाही ऐकलं नाही."

ठेकेदाराने सिमेंट कालवलं. भेग बुजवायची, वरून पाणी न झिरपणारा लेप द्यायचा, मोकळं व्हायचं. तिने होकारार्थी मान हलवली. काय करणार? पण हात लावण्याआधी पाथरवटाला एकदा दाखवू, एवढं ती म्हणाली, आणि गाडी पाठवून तिने त्याला बोलावून घेतलं.

त्याने भेगेत बोट घातलं, पाण्याची चव घेतली आणि सिमेंटच्या घमेल्याकडे बघून डोकं हलवलं. "डोंगरातलं पाणी आहे हे, बाई. इथून बंद केलंत तर ते तिथून येईल. तुमच्या भिंतीतून येईल, खोलीतून येईल. त्याला सरळ वाट काढून द्या."

"कुठून? जमिनीतून?" ती म्हणाली. मग आपलं त्याला ऐकू येत नाही हे आठवून तिने बोटाने लाकडी जमिनीवर एक रेघ ओढून दाखवली, माझ्या पायापासून समोरच्या भिंतीपर्यंत. भिंतीपलीकडे बाग होती. पाथरवटाने मान डोलावली.

ती रेघ तिच्या सगळ्यात आवडत्या कामाच्या मधोमध जात होती.  तरी तिने पहार मागितली आणि पहिली फळी स्वतः उचकटली. त्या फळीचा करकर आवाज सगळ्या लॉबीत घुमला.

आठ दिवस सगळ्यांनी कंबर कसली. पाथरवटाने याच डोंगरातल्या दगडांचे तुकडे घडवले आणि त्यांत पाणी वाहायला पन्हळ कोरली, वीतभर रुंद आणि तीन बोटं खोल. ठेकेदार ते ओळीने बसवत गेला. उतार बरोबर आहे का हे कोण बघणार, असा प्रश्न आला तेव्हा कप्तान बाह्या सरसावून पुढे आले. "जहाजावर तीस वर्षं माझं सूप उतार शोधत आलंय," ते म्हणाले. "उतार मला समजतो." ते पोटावर आडवे झाले, एक डोळा मिटला आणि हे अर्धं बोट वर, ते पाव बोट खाली, असं सांगू लागले. शेवटचा दगड बसला तेव्हा माझं पाणी भेगेशी एका बाजूला वळवून ठेवलेलं होतं. कोणालाच धीर निघेना. कप्तानांनी हातातला चहाचा कप पन्हळीत ओतला. चहा निघाला, लॉबीतून ऐटीत चालत गेला, भिंतीखालून वळला आणि बागेतल्या नेच्यांत पोचला.

"झालं, आता झाडांना साखरेची सवय लागणार," वहिनी म्हणाल्या, आणि गवतवाली इतकी हसली की तिच्या डोळ्यांना पाणी आलं.

उद्घाटनाच्या दिवशी माझं पाणी बारीक खळखळ करत लॉबीतून वाहत होतं. एका पाहुणीने ठेकेदाराला विचारलं, "हे मुद्दाम केलंय का हो?"

"मग!" ठेकेदार छाती काढून म्हणाला. "पहिल्यापासूनच ठरलं होतं."

त्यानंतरची वर्षं माझी मानाची वर्षं होती. माझे फोटो मासिकांत छापून आले. गवतवालीला इतकी कामं मिळाली की ती वर्षातून एकदाच यायची, तीही धावतपळत. पाहुणे आत आले की बॅगा खाली ठेवायच्या आधी माझ्यावर हात ठेवायचे. लग्नाला चाळीस वर्षं झालेलं एक जोडपं माझ्या बैठकीवर बसून भांडायचं, कारण म्हणे तिथे भांडण फार वेळ टिकत नाही. आणि पियानो जुळवून देणारे एक आजोबा दरवर्षी पावसाळ्यात आठवडाभर राहायला यायचे. त्यांना दिसत नव्हतं. दारात उभे राहून ते पाण्याचा आवाज ऐकायचे, त्या आवाजाच्या कडेकडेने चालत यायचे आणि भिंतीशी तो वळला की ते डावीकडे वळून बरोबर आपल्या खोलीत जायचे. त्यांना हात धरणाऱ्याची गरजच पडली नाही. गवतवालीने त्यांच्यासाठी असं काही योजलं नव्हतं, पण तिला हे कळलं तेव्हा तिने आपल्या वहीत ते लिहून घेतलं.

पुढे कप्तानांचे गुडघे बोलू लागले. हॉटेल त्यांच्या पुतण्याकडे आलं. पोरगा वाईट नव्हता, हे मी आधीच सांगून ठेवतो. मोठ्या हॉटेलांत शिकून आला होता, पहाटे उठायचा, चादरीच्या सुरकुत्या स्वतः तपासायचा. फक्त तक्रार म्हटली की त्याचा जीव टांगणीला लागायचा. एका बाईंच्या बुटाची टाच पन्हळीत अडकली आणि त्यांनी तक्रारवहीत चार ओळी लिहिल्या. त्या चार ओळींनी त्याची झोप उडवली.

महिन्याभरात पन्हळ बुजवून वर काच बसली, काचेखाली निळे दिवे आले. माझी भेग एका पारदर्शक चिकट द्रवाने भरून टाकली. माझ्या सगळ्या अंगाला चकचकीत लेप दिला, खांद्यांवर प्लास्टिकच्या वेली सोडल्या. माझ्या डाव्या कुशीला टेकून त्याने स्वतःसाठी काचेची केबिन बांधली. आणि माझ्या पायाशी पाटी आली, "कृपया स्पर्श करू नये."

मित्रांनो, रेनकोट घालून झोपलाय का कधी तुम्ही? मला तसं वाटायचं. पण स्वतःचं काय सांगू? मला वाईट वाटलं ते पियानोवाल्या आजोबांचं. त्या पावसाळ्यात ते दारात आले, उभे राहिले आणि उभेच राहिले.

"पाणी कुठे गेलं?" त्यांनी विचारलं.

"बंद केलं, सर," पुतण्या आनंदाने म्हणाला. "आता घसरायची भीती नाही." आणि त्याने मोठ्या आदराने त्यांचा हात धरून त्यांना खोलीपर्यंत नेलं. पुढच्या वर्षी ते आले नाहीत.

पाणी काही बंद झालं नव्हतं. ते माझ्या आत अडून मागे गेलं. भिंतीचा गिलावा पापडीसारखा सुटू लागला, फळ्या उंटासारख्या पाठ काढून वर आल्या आणि लॉबीत कुबट वास भरला. पुतण्याने सुगंधी फवारे मारले. मग ओल्या मोज्याला अत्तर लावल्यासारखा वास यायला लागला. पाहुणे रोडावले. पोराने हातपाय खूप मारले, पण त्याला काही उमगेना.

शेवटी वहिनींनीच फोन उचलला. "गवतवाली का? दगडाला बरं नाही. येऊन जा."

ती आली. केस पांढरे झाले होते, गळ्यात चष्मा लटकत होता. मला बघून तिने तो डोळ्यांवर चढवला, आणि मला तर लाजच वाटली. पुतण्या यादी घेऊन तयारच होता. "मॅडम, किती दिवस लागतील? माणसं किती लावू?"

"माणसं दोन," ती म्हणाली. "तू आणि मी. गरम पाणी आण, आणि काथ्याचे चार ब्रश."

पाथरवटाचे हात आता थरथरत होते, तो यायच्या स्थितीत नव्हता. पण त्याने आपल्या बारीक छिन्न्या फडक्यात गुंडाळून पाठवल्या. बारा दिवस दोघं माझ्याशेजारी बसून होते. लेप खरवडायचा, धुवायचा, पुन्हा खरवडायचा. भेगेतला चिकट द्रव कणाकणाने काढायचा. पहिले दोन दिवस पुतण्या हातमोजे घालून होता. तिसऱ्या दिवशी त्याने ते काढून ठेवले.

"तुम्ही मला एकदाही रागावला नाहीत," तो पाचव्या दिवशी म्हणाला.

"कुठल्या तोंडाने रागावू? मीसुद्धा नेमकं हेच करणार होते. सिमेंट कालवून तयार होतं घमेल्यात."

तो थोडा वेळ घासत राहिला. "मला वाटायचं, चांगलं हॉटेल म्हणजे जिथे काही घडतच नाही. कोणी घसरत नाही, काही सांडत नाही."

"झोपलेल्या माणसाला तेच हवं असतं," ती म्हणाली. "पण माणूस जागाही असतो रे अधूनमधून."

मग बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "ते पियानोवाले आजोबा आठवतात. मी त्यांचा हात धरला तेव्हा मला वाटलं, मी मदत करतोय."  तिने आपल्याजवळचा चांगला ब्रश त्याच्याकडे सरकवला.

माझं अंग मोकळं झालं. काच निघाली, निळे दिवे निघाले, पाटी निघाली. पण खरी परीक्षा पुढेच होती. पाणी पुन्हा येईल का? एकदा मागे वळवलेलं पाणी डोंगराच्या पोटात दुसरी वाट धरतं आणि परत येतच नाही, असंही होतं. ते मलाही माहीत नव्हतं. दगडाला स्वतःच्या आतलं सगळं कळतं असं नाही.

पाऊस सुरू झाला. तीन आठवडे गेले, चौथा गेला. कप्तान रोज सकाळी काठी टेकत यायचे, भेगेवरून बोट फिरवायचे आणि म्हणायचे, "कोरडं." पुतण्या केबिनमधून बघायचा आणि मान खाली घालायचा. पाचव्या आठवड्यात कप्तानांनी बोट फिरवणं बंद केलं. नुसते येऊन बसायचे.

एका दुपारी केबिनमधून आरडाओरडा ऐकू आला. कप्तान उठले, वहिनी धावल्या. केबिनच्या दारात पुतण्या उभा, पँट पोटरीपर्यंत वर घेतलेली, छातीशी कागदांचा गठ्ठा धरलेला. त्याच्या खुर्चीखालून, टेबलाखालून स्वच्छ, थंड पाणी पसरत होतं. ते माझ्या डाव्या कुशीतून फुटलं होतं, त्याने केबिन टेकवली होती बरोबर तिथून.

सगळे त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. आता हा चिडणार, असंच मलाही वाटलं. पण त्याचा चेहरा हळूहळू उजळला आणि तो लहान मुलासारखा ओरडला, "आलं! काकू, आलं!"

त्याने पाण्यात उभं राहूनच गवतवालीला फोन लावला. तिने काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही. त्याचं उत्तर मात्र ऐकू आलं. "काय करणार? केबिन पाडतोय." पलीकडून ती इतक्या मोठ्याने बोलली की तेही ऐकू आलं. "एकट्याने पाडू नकोस! उद्या सकाळी पोचते. मलाही मजा हवीय."

केबिन पडली. नवी पन्हळ माझ्या कुशीतून निघून जुन्या पन्हळीला मिळाली. तिचा उतार पुतण्याने ठरवला. कप्तान खुर्चीत बसून त्याला चूक-बरोबर सांगत होते, आणि निम्म्या वेळा ते स्वतःच चुकत होते. पुतण्याला बसायला जागा उरली नाही, म्हणून आता तो हिशेबाच्या वह्या, चादरींच्या याद्या आणि संगणक घेऊन माझ्या बैठकीवरच बसतो. नवे पाहुणे येऊन विचारतात, "मॅनेजर कुठे भेटतील?" आणि ओट्यामागची मुलगी गंभीर चेहऱ्याने सांगते, "दगडावर."

तर मित्रांनो, माझी कहाणी एवढीच. तुमच्या आसपासही माझ्यासारखं काहीतरी असेल. वाटेत येणारं, डागाळलेलं, भलत्या वेळी पाझरणारं. ते झाड असेल, जुनं कपाट असेल, घरातलं एखादं म्हातारं माणूसही असेल. त्यावर चकचकीत लेप चढवण्याआधी एक पालथी बादली घ्या आणि समोर बसा. एक दिवस पुरणार नाही, उन्हात बसा आणि पावसातही बसा. ते काय करतंय, कोणाच्या उपयोगी पडतंय, ते बघा. समजलं नाही तर एखाद्या जाणत्याला विचारा, आणि त्याने उत्तर दिलं तर हातातले पडदे खाली ठेवून ऐका.

चुकलात तरी घाबरू नका. गरम पाणी, काथ्याचे ब्रश आणि एक सोबती एवढं असलं तर पुष्कळ काही परत मिळतं. सगळं मिळत नाही, हेही लक्षात ठेवा. म्हणून आधीच जपा.

आता दहा वाजत आलेत, माझ्या कपाळावर ऊन यायची वेळ झाली. तुम्ही निवांत या. मी तरी कुठे जाणार आहे?